नंदादेवीच्या माथ्यावरचा सैनिक : बिल टिलमन

आपल्या लाडक्या गणरायाची आई पार्वती. गढवालमध्ये तिला नंदादेवी म्हणून पुजतात आणि त्याच नावाचे 7,816 मीटर उंचीचे शिखर तिचेच रूप मानतात. या शिखरावर सर्वप्रथम पोहोचलेल्या दोघांपैकी एक, बिल टिलमन, यांची ही ओळख.

टिलमन यांचा जन्म 1898 साली इंग्लंडमधील वॉलसी येथे झाला. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढताना कोवळ्या वयात त्यांना दोनदा ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला. पुढे केनियात मळा सांभाळताना एरिक शिप्टन भेटले आणि गिर्यारोहणाचे वेड लागले. 1934 मध्ये दोघांनी तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या बिकट घळीतून नंदादेवीच्या पायथ्याची वाट शोधली. 29 ऑगस्ट 1936 रोजी टिलमन आणि नोएल ओडेल माथ्यावर पोहोचले. खरे तर ती संधी चार्ल्स ह्यूस्टन यांची होती. पण डबाबंद मांसातून विषबाधा झाल्याने त्यांना माघारी फिरावे लागले. याच मोहिमेत किटार हा साथीदार आजारपणाने दगावला.

दुसऱ्या महायुद्धात चाळिशी उलटलेले टिलमन पुन्हा रणांगणात उतरले. 1944 मध्ये पॅराशूटने इटलीत उतरून तेथील बंडखोरांबरोबर ते शत्रूशी लढले. उतारवयात त्यांनी शिडाच्या बोटीतून बर्फाळ समुद्र पालथे घातले. 1977 मध्ये, वयाच्या 79व्या वर्षी, रिओहून फॉकलंडकडे निघालेली त्यांची बोट सहकाऱ्यांसह बेपत्ता झाली.

मुलांना नंदादेवीची गोष्ट सांगताना टिलमन यांच्याबरोबर किटारचेही नाव अवश्य घ्यावे.