सोरघगतानी राणी : चार खानांची माता

मोंगल लोकांचें नांव निघालें म्हणजे जळालेलीं शहरें व घोडेस्वारांच्या टोळ्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु त्याच लोकांत एक ख्रिस्ती विधवा राज्यकारभार करून गेली. तिचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

मोंगोलियाच्या मध्यभागीं केराइत नांवाची जमात घोडे व मेंढरें पाळून बुरणुसाच्या तंबूंत राहत असे. या जमातींत नेस्तोरियन मंडळीचा ख्रिस्ती धर्म बराच पसरला होता. इ. स. १२०३ मध्यें चंगीजखानानें तिचा पराभव केला आणि तेथील सरदार जखा गंबू याची कन्या सोरघगतानी ही आपला धाकटा पुत्र तुलुई यास दिली. अशा रीतीनें हरलेल्या कुळांतील मुलगी जेत्यांच्या घरीं सून होऊन आली. तिला मंगू, कुब्लाई, हुलागू व आरिक बुका असे चार पुत्र झाले.

१२३२ मध्यें तुलुई मरण पावला. विधवेनें नवऱ्याच्या भाऊबंदांपैकीं कोणाशीं तरी लग्न लावावें, अशी मोंगलांत चाल होती. त्याप्रमाणें ओगताई खानानें आपला पुत्र गुयुक याचें स्थळ सुचविलें. मुलांचें संगोपन हेंच आपलें काम, असें नम्रपणें कळवून तिनें तें नाकारलें. खानाचा रागही ओढवूं दिला नाहीं आणि आपलें घरही दुसऱ्याच्या हातीं जाऊं दिलें नाहीं.

१२३६ च्या सुमारास उत्तर चीनमधील एक परगणा तिला मिळाला. शेतें मोडून कुरणें करावीं असें म्हणणारे मोंगल सरदार त्या काळीं होते. तिनें मात्र रयतेस शेतीच करूं दिली, कारण कुणबी जगला तरच कर येतो हें ती जाणून होती.

पुढें १२४६ मध्यें गुयुक गादीवर बसला. तेव्हां राजपुत्रांनीं परवानगीवांचून काढलेल्या फरमानांची चौकशी झाली. पुष्कळांचे दोष उघडकीस आले, पण तिच्या व तिच्या पुत्रांच्या नांवावर एकही गैर कागद निघाला नाहीं.

चंगीजखानानें १२२० मध्यें बुखारा शहर उध्वस्त केलें होतें. तेथेंच त्याच्या या ख्रिस्ती सुनेनें मुसलमान विद्यार्थ्यांकरितां मदरसा बांधविला. त्यासाठीं रुप्याच्या एक हजार लगडी दिल्या व गांवें विकत घेऊन त्यांचें उत्पन्न लावून दिलें. तिची स्तुति मुसलमान इतिहासकारांनींही लिहून ठेविली आहे.

१२४८ मध्यें गुयुक फौज घेऊन पश्चिमेस निघाला. त्याचा रोख आपला नवरा तुलुई याचा पुतण्या बातू याच्यावर आहे असें ओळखून तिनें बातूस गुप्तपणें सावध केलें. गुयुक वाटेंतच मेला. पुढें बातूच्या पाठिंब्यानें १२५१ मध्यें मंगू खान झाला. मात्र त्या वेळीं ओगताईच्या घराण्यांतील व त्यांच्या पक्षांतील पुष्कळांस कटाच्या आरोपावरून ठार मारण्यांत आलें. गुयुकची विधवाही त्यांत गेली. हा डाग आम्ही झांकूं इच्छित नाहीं.

१२५२ मध्यें राणी निवर्तली. हुलागूनें १२५८ मध्यें बगदाद बुडविलें आणि कुब्लाईनें १२७१ मध्यें चीनमध्यें युआन घराणें स्थापिलें. पुत्रांनीं आईचा धर्म घेतला नाहीं. तरीही पराक्रमी पुत्रांच्या गर्दींत तिचें नांव पुसलें गेलें नाहीं. प्रिय वाचकहो, चोख ठेविलेला व्यवहार व परधर्मी लेंकरांस दिलेली विद्या हीं तिच्या तलवारीवांचून मिळविलेल्या कीर्तीचीं कारणें होत, हें आपण ध्यानांत ठेवूं या.