नाण्यांच्या झिजेतून इतिहास वाचणारे डी. डी. कोसंबी

कम्प्युटरमध्ये अनेक प्रोग्राम मेमरीचा एकच तुकडा मिळून वापरू शकतात. ही शेअर्ड मेमरी. सी भाषेत छोटासा प्रोग्राम लिहून या तुकड्याची चौकशी करता येते : तो केवढा आहे, कोणी तयार केला, आत्ता किती जण जोडलेत, शेवटचं कोण येऊन गेलं. आतला मजकूर न वाचताही वापराचा माग लागतो.

सी भाषा आली १९७२ मध्ये. त्याच्या तीसेक वर्षं आधी पुण्यातला एक गणिताचा प्राध्यापक असाच माग काढत होता, चांदीच्या नाण्यांवरून.

दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात. वडील बौद्ध साहित्याचे नामवंत अभ्यासक. मुलगा हार्वर्डमधून १९२९ मध्ये पदवीधर झाला आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागला.

तक्षशिलेला प्राचीन आहत नाण्यांचा साठा सापडला होता. कोसंबींनी सरळ तराजू घेतला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जितका काळ फिरेल तितकं सरासरी वजन घटतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढतो. शिवाय मागच्या बाजूला बारीक ठसे असतात. कोसंबींच्या मते ते नाणं तपासणाऱ्यांचे. ठसे जास्त, तेवढं वजन कमी! म्हणजे किती हातांनी तपासलं याची नोंद नाण्यावरच. पडताळा म्हणून त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीही तोलली.

पुढे होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर ते इंग्लंड-अमेरिकेत कम्प्युटर अभ्यासायला गेले. घर मात्र पुण्यातच, त्यामुळे ये-जा डेक्कन क्वीनने, लोणावळ्यावरून. मावळ त्यांनी पायी तुडवला. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यात धेनुकाकट गावचे यवनही आहेत. हे गाव कुठलं, यावर कोसंबींनी लेख लिहिला. दाते गेले, पण लेण्याच्या तोंडाशी असलेल्या देवीला कोळी बांधव अजून येतात, हेही त्यांनी इतिहासाचा पुरावा म्हणूनच पाहिलं. शिलालेख वाचणारे बरेच होते. जत्रेकडे असं पाहणारे कमी.

भाभांशी बिनसलं. १९६२ मध्ये संस्थेने करार वाढवला नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

१९४३ मध्ये त्यांनी मांडलेलं एक गणित पुढे डेटा आटोपशीर करायला आणि चेहरे ओळखायला कामी आलं. जगभर ते कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने शिकवलं जातं. दोघांनी ते कोसंबींनंतर मांडलं. आता काही ठिकाणी कोसंबींचं नावही जोडतात.