मुंबई निवडणारा माणूस : जेराल्ड ऑंजियर

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातून दाणाबंदरात गोणी वाहायला आले. वडीलही माथाडी. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. मुंबई कोणी उभी केली या प्रश्नाला आमच्या खोलीत एकच उत्तर होते : जिने तिची ओझी वाहिली त्या माणसांच्या पाठीने. त्यामुळे इतिहासाच्या तासाला सरांनी जेराल्ड ऑंजियर या इंग्रजाला मुंबईचा जनक म्हणतात असे सांगितले, तेव्हा मला थोडा रागच आला. कोण हा साहेब, ते तरी पाहावे, म्हणून ग्रंथालयात बसलो. राग सगळा गेला असे नाही. पण माणूस विलक्षण निघाला.

ऑंजियर हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. पश्चिम किनाऱ्यावर कंपनीचे मुख्य ठाणे तेव्हा सुरतेला होते. गुजरातचे कापड, दलाल, सावकार सारे तिथेच. पण सुरत मोगलांची. जकात त्यांची, हुकूम त्यांचा. मोठी जहाजे तापीतून शहरापर्यंत येत नसत. त्यांना सुवाळीला नांगर टाकावा लागे. त्यात १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा लुटली. मोगल आपले रक्षण करू शकत नाहीत हे इंग्रजांना कळून चुकले. शाळेत आपण ही लूट रायगडाच्या बाजूने वाचतो. वखारीच्या खिडकीतून ती कशी दिसली असेल, हा विचार माझ्या मनात प्रथमच आला.

दुसरीकडे मुंबई. १६६१ च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाला मिळालेले आणि १६६८ मध्ये त्याने वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलेले हे बेट. बंदर खोल आणि सत्ता आपली, एवढेच काय ते जमेला. भरतीचे पाणी आत शिरून दलदल होई, इंग्रज शिपाई तापाने मरत, कापड विणणारे जवळपास नाहीत, आणि वस्ती जेमतेम १०,००० ची. लंडनचे संचालक तर खर्चाच्या नावाने कुरकुरत. आपल्यापैकी कोणाला विचारले असते तर त्याने सुरतच सोडू नका असे सांगितले असते!

१६६९ मध्ये सर जॉर्ज ऑक्झेंडन वारला आणि सुरतेचा अध्यक्ष व मुंबईचा गव्हर्नर ही दोन्ही पदे ऑंजियरकडे आली. त्याने कंपनीचे बस्तान मुंबईला हलवायचे मनावर घेतले आणि १६७२ ते १६७५ अशी सुमारे तीन वर्षे तो स्वतः इथे येऊन राहिला. इथल्या जमिनींच्या हक्कांचे तंटे त्याने रहिवाशांशी करार करून मिटवले. त्यांनी वर्षाला २०,००० झेराफिन द्यायचे आणि कंपनीने त्यांच्या जमिनींना हात लावायचा नाही. १६७२ मध्येच न्यायालय उघडले, टांकसाळ सुरू केली, जातीजमातींच्या पंचायती नेमल्या. १६७३ मध्ये डच आरमार समोर येऊन उभे राहिले. ऑंजियरने भंडाऱ्यांसह इथल्याच लोकांना हत्यारे देऊन किनारा असा सज्ज ठेवला, की डच न लढताच निघून गेले. पुढच्याच वर्षी महाराजांच्या राज्याभिषेकाला त्याने हेन्री ऑक्झेंडनला तहाच्या बोलणीसाठी रायगडावर पाठवले. ज्यांच्या धाकाने सुरत नकोशी झाली, त्यांच्याच शेजारी राहायचे होते ना!

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती १६७७ ची गोष्ट. दीवचा बनिया व्यापारी निमा पारख मुंबईत यायला तयार झाला, पण अटी घालून. आपला धर्म पाळू द्यावा, आपल्या आवारात जीवहत्या होऊ नये, प्रेते जाळू द्यावीत, कोणाला बळाने बाटवू नये. या अटी मान्य झाल्या. बंदर निसर्गाने दिले होते. पण व्यापारी काही खोल पाण्याला भुलून येत नाही, हे या माणसाने ओळखले होते. फ्रायर या कंपनीच्या डॉक्टराने त्या काळातली मुंबईची वस्ती ६०,००० धरली आहे.

त्याच करारात आणखी एक कलम आहे : निमाच्या माणसांना मर्जीविरुद्ध ओझी वाहायला लावू नये. म्हणजे इतरांना लावत होते! त्या इतरांशी कोणी करार केला नाही. हमाल-माथाडींसाठी कायदा झाला तो १९६९ मध्ये, म्हणजे २९२ वर्षांनी. ऑंजियरला मी मोठा मानतो, पण हा हिशेब त्याच्याही नावावर राहतो.

३० जून १६७७ रोजी ऑंजियर वारला, तो सुरतेतच. आणि तिथेच त्याला पुरले. कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईला हलले ते १६८७ मध्ये, त्याच्यामागे दहा वर्षांनी.

हे सगळे मी रात्री वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ओझ्याचे ते कलम तेवढे त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावले.