मार्लवाईच्या गवती घरातील अभ्यासक
(प्रा. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ : १९०९–१९९५)

विद्यार्थीमित्रांनो, आपल्या हैदराबादहून उत्तरेकडे निघाले आणि गोदावरी ओलांडली की आदिलाबादचा डोंगराळ मुलूख लागतो. साग, मोह आणि बांबू यांच्या त्या रानात मार्लवाई नावाचे एक गोंड गाव आहे. तेथे शेजारी-शेजारी दोन समाध्या आहेत. एक आहे एका इंग्रज स्त्रीची आणि दुसरी व्हिएन्ना नगरीत जन्मलेल्या एका विद्वानाची. सातासमुद्रांपलीकडील या दांपत्याने चिरविश्रांतीसाठी ही रानातील जागा का पत्करली, हे समजून घेण्याजोगे आहे.

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली ऑस्ट्रियातील एका सरदार घराण्यात झाला. व्हिएन्ना विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्ययन करून त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. १९३६ साली ते प्रथम भारतात आले आणि ईशान्येकडील कोन्याक नागांमध्ये राहिले. १९३८ मध्ये त्यांचा विवाह बेटी बार्नार्डो या इंग्रज युवतीशी झाला. पुढे आयुष्यभर डोंगरदऱ्यांतील प्रवासात आणि संशोधनात बेटीबाई त्यांच्या बरोबरीच्या सहकारी राहिल्या.

१९३९ साली ही दोघे पुन्हा भारतात आली आणि त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केलेला असल्यामुळे हायमेनडॉर्फ यांचे पारपत्र शत्रुराष्ट्राचे ठरले. हैदराबाद संस्थानाची सीमा ओलांडण्यास त्यांना मनाई झाली. दुसरा एखादा अशा बंधनाने खचला असता. परंतु त्यांनी संस्थानातील अरण्ये हीच आपली अभ्यासशाळा मानली. प्रथम ते नल्लमलाच्या डोंगररांगेत अमराबादच्या पठारावर, कंदमुळे व मध गोळा करून जगणाऱ्या चेंचूंमध्ये राहिले. मग गोदावरीच्या घळीतील कोंडा रेड्डींकडे गेले. चेंचूंविषयीचा त्यांचा ग्रंथ १९४३ साली आणि रेड्डींविषयीचा १९४५ साली प्रसिद्ध झाला.

याच काळात आदिलाबादेत असंतोष धुमसत होता. १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात कोमरम भीम हा गोंडांचा शूर पुढारी आणि त्याचे अनेक साथीदार धारातीर्थी पडले. शांतताप्रिय गोंड असे का उठले, याचा शोध घेण्याचे काम निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. जिल्ह्याच्या ठाण्यावर बसून, कागद चाळून अहवाल लिहिणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्यांनी मार्लवाईस मुक्काम केला. कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, खाली सारवलेली जमीन असे ते घर. आसपासच्या गोंडांची घरे तशीच होती. तेथे विजेचा दिवा नव्हता, गाडीरस्त्यापलीकडे वाट नव्हती. तेथे राहून ते गोंडी बोलू लागले. परधान भाटांकडून गोंड कुळांच्या देवांच्या कथा त्यांनी ऐकल्या व लिहून घेतल्या. दिवाळीतील दंडारी नाच आणि मोरपिसांचे टोप घालणारे गुसाडी त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले.

अशा सहवासातूनच जमिनीचे खरे दुखणे त्यांना उमगले. डोंगरावरील हलकी जमीन काही वर्षे कसली की गोंड ती पड टाकीत व दुसरा तुकडा कसून कालांतराने पहिल्याकडे परतत. पडीचा काळ हा त्या शेतीचाच भाग होता. सरकारी दप्तरास मात्र ती जमीन मालकाविना सोडलेली वाटे. मग ती राखीव जंगलात जाई, नाहीतर बाहेरून आलेल्या, कागद जाणणाऱ्या माणसाच्या नावे लागे. उरलेले काम सावकाराचे कर्ज करी. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा गोंड आपल्याच रानात परका ठरला होता.

यावर त्यांनी दोन उपाय सरकारपुढे ठेवले: जमिनीचा पट्टा आणि अक्षरांची ओळख. पुढे हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले. १९४३ साली मार्लवाईसच गोंड शिक्षकांचे शिक्षणकेंद्र निघाले. थोडेफार लिहितावाचता येणारे गोंड तरुण तेथे शिक्षक झाले आणि देवनागरी लिपीत गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके तयार झाली. प्रस्तुत लेखकाच्या घरची भाषा कोंकणी. घरी एक बोली आणि पाटीवर दुसरी असली म्हणजे लहान मूल कसे बावरते, हे त्यास ठाऊक आहे. म्हणून या लहानशा पुस्तकांचे मोल त्यास मोठ्या ग्रंथांहून कमी वाटत नाही. आपले थोर इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही हैदराबादच्या सेवेत असताना याच मुलखातील गोंडांचा व गोंडी भाषेचा अभ्यास केला, ही गोष्ट आपणा मराठी भाषकांस अभिमानाची आहे.

केसलापूरला पुष्य महिन्यात मेस्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते. अधिकाऱ्यांनी तेथेच जाऊन गोंडांची गाऱ्हाणी ऐकावीत, अशी दरबाराची प्रथा हायमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नाने १९४० नंतरच्या दशकात सुरू झाली.

१९४९ साली ते लंडन विद्यापीठात गेले, १९५१ मध्ये प्राध्यापक झाले आणि नेपाळच्या शेर्पांवरील लेखनाने त्यांची कीर्ती अधिकच पसरली. परंतु मार्लवाईचा विसर त्यांना पडला नाही. १९७६ मधील निवृत्तीच्या सुमारास ते पुन्हा आदिलाबादेत आले, तेव्हा दृश्य पालटलेले होते. रस्ते आले होते, रस्त्यांबरोबर बाहेरचे लोक आले होते, आणि कायदे असूनही गोंडांच्या जमिनी पुन्हा हातच्या जात होत्या. आयुष्यातील उत्तम वर्षांचे काम डोळ्यांदेखत विरताना पाहणे किती क्लेशदायक असेल! तरीही त्यांनी मौन पत्करले नाही. सारी हकीकत १९८२ साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडली.

१९८७ च्या जानेवारीत बेटीबाईंचे हैदराबाद येथे निधन झाले आणि मार्लवाईच्या मातीत त्यांना विसावा मिळाला. १९९५ साली लंडन येथे हायमेनडॉर्फ निवर्तले. पुढे त्यांच्या अस्थीही मार्लवाईस पत्नीशेजारी आणण्यात आल्या.

बालमित्रांनो, रानात कुटी बांधून राहणारे पुष्कळ होऊन गेले. कोणी तपासाठी गेले, कोणी शिकारीसाठी, कोणी केवळ निवांतपणासाठी. हायमेनडॉर्फ शेजारी होण्यासाठी राहिले. ज्याच्याविषयी आपण बोलणार, त्याच्या ओसरीवर आधी बसावे आणि त्याची भाषा शिकावी, हा धडा त्यांच्या त्या गवती घराने दिला आहे. सहलीच्या निमित्ताने आदिलाबादकडे जाल, तेव्हा त्या दोन समाध्यांपाशी क्षणभर अवश्य थांबा.