विश्लेषण : जखमी खेळाडू परतल्यावर बदली खेळाडूने काय करायचे? दिलीप सरदेसाईंच्या कारकीर्दीत दडलेले उत्तर

मुख्य खेळाडू जखमी होतो. त्याच्या जागी बाकावरचा खेळाडू उतरतो आणि कोणी अपेक्षाही केली नसेल असा खेळ करतो. दोन आठवड्यांनी मुख्य खेळाडू तंदुरुस्त होऊन परत येतो. आता कोणाला खेळवायचे? जिंतूर-सेलूच्या टेनिस बॉल स्पर्धेपासून आयपीएलपर्यंत चाहत्यांमध्ये रंगणारा हा वाद आहे. भारतीय क्रिकेटमध्ये या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दिलीप सरदेसाई. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये त्यांना पहिल्या कसोटीत संधी मिळाली ती दुसरा फलंदाज जखमी होता म्हणून. दौरा संपला तेव्हा त्यांच्या नावावर ६४२ धावा होत्या आणि भारताने वेस्ट इंडिजमध्ये प्रथमच मालिका जिंकली होती. मात्र त्यानंतर दोन वर्षेही पूर्ण होण्याआधी त्यांची कसोटी कारकीर्द संपली. असे का झाले?

दिलीप सरदेसाई कोण होते?

सरदेसाई यांचा जन्म ८ ऑगस्ट १९४० रोजी मडगाव येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. क्रिकेटचे खरे शिक्षण मिळाले ते १९५७ मध्ये मुंबईत आल्यानंतर. विल्सन महाविद्यालयात शिकत असताना प्रशिक्षक मन्या नाईक यांनी त्यांच्यातील गुण हेरले. आंतरविद्यापीठ स्पर्धेतील रोहिंटन बारिया करंडकात १९५९-६० च्या मोसमात त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. पुढच्याच मोसमात पाकिस्तानचा संघ भारतात आला. त्याच्याविरुद्ध पुण्यात विद्यापीठ संघाकडून खेळताना त्यांनी ८७ धावांची खेळी केली आणि निवड समितीचे लक्ष वेधले.

डिसेंबर १९६१ मध्ये कानपूरला इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. त्याच महिन्यात गोवा मुक्त झाला. म्हणजे सरदेसाई भारताकडून पहिली कसोटी खेळायला उतरले, तेव्हा त्यांचे जन्मगाव अजून भारतात आलेले नव्हते.

दुसऱ्याच्या दुखापतीमुळे संधी, तीही दोनदा

सरदेसाई यांच्या वाट्याला दुसऱ्याच्या दुखापतीने आलेली संधी १९७१ च्या आधीही आली होती. १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. त्यांच्या कवटीला गंभीर इजा झाली. कॉन्ट्रॅक्टर यांचा जीव वाचला, पण ते पुन्हा कधीही कसोटी खेळू शकले नाहीत.

त्यानंतरच्या ब्रिजटाउन कसोटीत भारतीय संघात दोन मोठे बदल झाले. कर्णधारपद २१ वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे गेले आणि सलामीला सरदेसाई उतरले. त्यांनी ३१ आणि ६० धावा केल्या. पतौडी यांच्याकडे हे पद अचानक आले होते, पण त्यांनी ते १९६० च्या दशकात बहुतांश काळ सांभाळले. एका अपघाताने आलेली तात्पुरती व्यवस्था किती लांबते, हे सरदेसाई यांनी अगदी जवळून पाहिले.

१९७१ पूर्वी त्यांची बाजू कशी होती?

कामगिरी वाईट नव्हती. १९६३-६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध पाच कसोटींत त्यांनी ४४९ धावा केल्या. कानपूरच्या कसोटीत भारतावर फॉलोऑनची वेळ आली होती. तेथे ७९ आणि ८७ धावा करून त्यांनी पराभव टाळायला मदत केली. १९६५ मध्ये मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध भारताचा पहिला डाव ८८ धावांत आटोपला. फॉलोऑननंतर सरदेसाई यांनी नाबाद २०० धावा काढल्या आणि भारताने हरण्याच्या स्थितीतील सामना वाचवला. पुढच्याच दिल्ली कसोटीत त्यांनी आणखी एक शतक झळकावले.

फिरकी गोलंदाजी खेळण्यात त्यांचा हातखंडा होता. मुंबईच्या रणजी संघाचे ते आधारस्तंभ होते. ते खेळलेल्या एकाही रणजी सामन्यात मुंबई पराभूत झाली नाही. पण १९६७ चा इंग्लंड दौरा आणि त्यानंतरचा ऑस्ट्रेलिया दौरा त्यांच्यासाठी निराशाजनक ठरला. वेगवान गोलंदाजीपुढे ते टिकतील का, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. तिशी गाठेपर्यंत ते कसोटी संघाच्या विचारातून जवळपास बाहेर गेले होते. तरुण फलंदाज पुढे येत होते. १९६९ मध्ये गुंडाप्पा विश्वनाथ यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध पदार्पणातच शतक ठोकून मधल्या फळीतील आपली जागा पक्की केली होती.

संघात नाव आले कसे?

१९७१ च्या दौऱ्याआधी भारतीय क्रिकेटमध्ये आणखी एक मोठी अदलाबदल झाली. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर कर्णधार झाले. पतौडी या दौऱ्यावर गेले नाहीत. वाडेकर मुंबईचे होते आणि सरदेसाई यांचा खेळ त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला होता. त्यांनी आग्रह धरला आणि अगदी शेवटच्या टप्प्यात सरदेसाई यांचे नाव संघात आले. संघात नाव आले, तरी अंतिम अकरा जणांत जागा मात्र नव्हती. मधल्या फळीसाठी पहिली पसंती विश्वनाथच होते.

पहिल्या कसोटीपूर्वी विश्वनाथ जखमी झाले. त्यामुळे १८ फेब्रुवारी १९७१ पासून किंग्स्टन येथे होणाऱ्या सामन्यासाठी सरदेसाई यांना घेण्यात आले.

किंग्स्टनमध्ये काय घडले?

पहिला दिवस पावसाने वाया गेला. त्यानंतर भारताची फलंदाजी कोसळली. धावफलकावर ७५ धावा असताना निम्मा संघ बाद झाला होता. तेथून सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावांची भागीदारी केली. पुढे नवव्या गड्यासाठी सरदेसाई यांना इरापल्ली प्रसन्ना यांची साथ मिळाली आणि आणखी १२२ धावा जोडल्या गेल्या. सरदेसाई २१२ धावांवर बाद झाले. परदेशात कसोटी द्विशतक झळकावणारे ते पहिले भारतीय ठरले. भारताने ३८७ धावा केल्या.

वेस्ट इंडिजचा डाव २१७ धावांत संपला. एक दिवस वाया गेल्याने नियमानुसार फॉलोऑन देण्यासाठी १५० धावांची आघाडी पुरेशी होती. वाडेकर यांनी सर गारफिल्ड सोबर्स यांच्या संघाला पुन्हा फलंदाजीला पाठवले. सामना अनिर्णित राहिला, पण यजमानांचा दरारा ओसरला.

त्याच सामन्यातील दुसरा बदली खेळाडू

किंग्स्टनमध्ये भारताकडून आणखी एक खेळाडू दुसऱ्याच्या जागी खेळला होता. २१ वर्षांचे सुनील गावस्कर तंदुरुस्त नसल्याने हैदराबादचे के. जयंतीलाल सलामीला उतरले. ते ५ धावा करून बाद झाले. भारताला दुसऱ्यांदा फलंदाजी करावीच लागली नाही, त्यामुळे त्यांना दुसरा डाव मिळाला नाही. दुसऱ्या कसोटीत गावस्कर परतले, ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या आणि मालिकेअखेर ७७४ धावांचा डोंगर उभारला. जयंतीलाल यांना पुन्हा कधीही कसोटी खेळायला मिळाली नाही. एक कसोटी, एक डाव, ५ धावा एवढीच त्यांची कारकीर्द राहिली.

एकाच सामन्यात दोघांना अशीच संधी मिळाली. एकाने २१२ धावा केल्या, दुसऱ्याला एकच डाव मिळाला. बदली खेळाडूवरचा खरा ताण येथे दिसतो. नियमित खेळाडूला एखादे अपयश माफ असते. बदली खेळाडूच्या बाबतीत पहिले अपयश हेच अनेकदा शेवटचे ठरते.

विश्वनाथ परतले, मग सरदेसाई यांचे काय झाले?

पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत सरदेसाई यांनी ११२ धावा केल्या. भारताने हा सामना सात गडी राखून जिंकला. वेस्ट इंडिजविरुद्धच्या २५ व्या कसोटीत भारताला मिळालेला हा पहिला विजय होता.

तिसऱ्या कसोटीसाठी विश्वनाथ तंदुरुस्त झाले. सर्वसाधारण वादात येथे दोन गट पडतात. एक गट म्हणतो, जागा ज्याची होती त्याला परत द्या. दुसरा म्हणतो, जो चांगला खेळतो आहे त्याला हात लावू नका. भारतीय संघाने यापैकी कोणताही एक पर्याय निवडला नाही. विश्वनाथ आणि सरदेसाई या दोघांनाही मधल्या फळीत खेळवण्यात आले. जॉर्जटाउनला विश्वनाथ यांनी ५०, तर सरदेसाई यांनी ४५ धावा केल्या.

हा निर्णय किती योग्य होता, ते ब्रिजटाउनच्या चौथ्या कसोटीत कळले. वेस्ट इंडिजने ५ बाद ५०१ धावांवर डाव घोषित केला होता. भारताची अवस्था ६ बाद ७० झाली. पुन्हा सरदेसाई आणि सोलकर एकत्र आले आणि त्यांनी सातव्या गड्यासाठी १८६ धावा जोडल्या. शेवटच्या गड्यासाठी बिशनसिंग बेदी यांच्यासह ६२ धावा निघाल्या. सरदेसाई यांच्या १५० धावांमुळे भारत ३४७ पर्यंत पोहोचला, फॉलोऑन टळला आणि नंतर सामनाही वाचला. ही कसोटी गमावली असती, तर मालिकेत १-१ अशी बरोबरी झाली असती. अखेरच्या कसोटीत त्यांनी ७५ आणि २१ धावा केल्या. भारताने मालिका १-० अशी जिंकली. सरदेसाई यांची सरासरी होती ८०.२५.

केवळ धावा पाहून निर्णय घ्यायचा का?

मालिकेत सर्वाधिक धावा गावस्कर यांच्या होत्या. तरीही सरदेसाई यांच्या ६४२ धावांचे मोल वेगळे होते, कारण त्यातील मोठा भाग डाव कोसळल्यावर आलेला होता. ७५ वर पाच बाद आणि ७० वर सहा बाद, अशा दोन्ही वेळी त्यांनी तळाच्या फलंदाजांना हाताशी धरून डाव उभा केला. संघाला नेमकी कशाची गरज आहे आणि ती कोण भागवतो, हे त्यातून दिसले. बदली खेळाडूला कायम ठेवायचे की नाही, हे ठरवताना धावसंख्येइतकाच हा निकष महत्त्वाचा ठरतो.

जगात इतरत्र असे घडले आहे का?

अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, मैदानावर एका वेळी एकच असतो. २००१ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा ड्रू ब्लेडसो जखमी झाला आणि राखीव खेळाडू टॉम ब्रॅडीला संधी मिळाली. ब्लेडसो बरा झाल्यावरही प्रशिक्षकांनी ब्रॅडीलाच कायम ठेवले. संघाने त्या मोसमात सुपर बोल जिंकला आणि नंतर ब्लेडसो दुसऱ्या संघात गेला. तेथे दोघांना सामावून घेण्याची सोयच नव्हती. क्रिकेटमध्ये फलंदाजांच्या सहा-सात जागा असतात. त्यामुळे हा की तो, असा प्रश्न विचारण्याआधी दोघेही बसतात का, हे पाहता येते.

मग सरदेसाई यांची कारकीर्द का संपली?

१९७१ च्या उन्हाळ्यात भारताने इंग्लंडमध्येही पहिल्यांदा मालिका जिंकली. ओव्हलच्या निर्णायक कसोटीत सरदेसाई यांनी ५४ आणि ४० धावांचे योगदान दिले. पण त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ भारत कसोटी खेळला नाही. डिसेंबर १९७२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत सरदेसाई अपयशी ठरले, भारत हरला आणि त्यांना वगळण्यात आले. ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. तेव्हा त्यांचे वय ३२ होते. त्यांच्याविना भारताने ती मालिका २-१ अशी जिंकली. ज्यांच्या जागी ते किंग्स्टनला उतरले होते, ते विश्वनाथ पुढे १९८३ पर्यंत ९१ कसोटी खेळले.

म्हणजे १९७१ मध्ये ज्या नियमाने त्यांना जागा मिळाली, त्याच नियमाने ती गेली. जागा कोणाच्याही नावावर नसते, हा नियम बदली खेळाडूच्या बाजूने असतो, तेव्हा चाहत्यांना तो न्याय्य वाटतो. तोच खेळाडू प्रस्थापित झाल्यावर हाच नियम कठोर वाटू लागतो. सरदेसाई यांनी दोन्ही बाजू अनुभवल्या.

३० कसोटींत २,००१ धावा आणि ५ शतके, ही त्यांची अंतिम आकडेवारी. २ जुलै २००७ रोजी मुंबईत वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे बीसीसीआयने भारत-वेस्ट इंडिज कसोटींतील सर्वोत्तम भारतीय कामगिरीसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. विश्वनाथ जखमी झाले नसते, तर किंग्स्टनच्या त्या कसोटीत सरदेसाई कदाचित पॅव्हेलियनमध्येच बसून राहिले असते.