कल्चर रिपोर्टवरच्या नावामागचा माणूस: डॉ. थिओडोर एशेरिख

लघवीच्या कल्चरचा जुना रिपोर्ट घरात असेल तर तो एकदा काढून बघा. वारंवार उन्हाळी लागणाऱ्या, म्हणजे लघवीला जळजळ होऊन थेंब थेंब लघवी होणाऱ्या बहुतेक महिलांच्या रिपोर्टवर एकच नाव असते: ई. कोलाय. यातला ‘ई’ म्हणजे एशेरिकिया. ते एका बालरोगतज्ज्ञाच्या आडनावावरून आले आहे.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर आम्ही डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतो. असा त्रास असलेल्या काही रुग्णांना मोठ्या रुग्णालयात संशोधनात भाग घेण्याविषयी विचारले जाते. मग ते कागद घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे येतात. मनात एकच धास्ती असते, आपल्यावर प्रयोग तर करणार नाहीत ना? त्यांना उत्तर देताना मला डॉ. एशेरिख यांची आठवण होते.

बाळांच्या लंगोटांतून सुरू झालेला अभ्यास

थिओडोर एशेरिख यांचा जन्म 1857 साली जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, आन्सबाख या गावी झाला. वडील डॉक्टर होते. आई ते लहान असतानाच वारली. 1881 साली म्युनिकमध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. त्या काळी युरोपातही जुलाबाने तान्ही बाळे मोठ्या संख्येने दगावत. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी या बाळांसाठी वेचले.

1884 साली इटलीत नेपल्स शहरात पटकीची साथ आली, तेव्हा ते तिच्या अभ्यासासाठी तिथे गेले. रोगजंतूंचे शास्त्र तेव्हा अगदी नवे होते. म्युनिकला परतल्यावर त्यांनी ते नेटाने शिकून घेतले आणि साधा वाटणारा एक प्रश्न हाती घेतला. आजारी बाळाच्या आतड्यात कोणते जंतू आहेत हे कळण्यासाठी, निरोगी बाळाच्या आतड्यात कोणते असतात हे आधी कळायला नको का?

मग त्यांनी नवजात बाळांची शी तपासायला घेतली. बाळाच्या अगदी पहिल्या शीमध्ये त्यांना जंतू सापडले नाहीत, पण जन्मानंतर काही तासांतच ते दिसू लागले. त्यांत लहान दांडीच्या आकाराचा एक जंतू नेहमी आढळे. 1885 साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘आतड्यात सर्वत्र आढळणारा जंतू’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. आपला ई. कोलाय तो हाच.

तुमच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हा जंतू बाहेरून कोणी तुम्हाला दिलेला नसतो. तो तुमच्याच आतड्यात राहतो आणि तिथे सहसा त्रास देत नाही. त्याने जागा बदलली, मूत्रमार्गात शिरून तो मूत्राशयापर्यंत पोहोचला, की जळजळ सुरू होते. महिलांचा मूत्रमार्ग आखूड असतो, म्हणून त्यांना हा त्रास जास्त होतो. यात अस्वच्छतेची किंवा लाजेची काही बाब नाही.

ग्राझ आणि व्हिएन्ना

1890 साली एशेरिख ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात बालरोगाचे प्राध्यापक झाले. 1894 साली त्यांनी लहान मुलींमधील मूत्राशयाच्या संसर्गाविषयी लिहिले आणि त्यामागे हाच आतड्यातला जंतू असल्याचे मांडले. जंतू ओळखता आला, पण तो मारण्यासाठी हाताशी अँटिबायोटिक नव्हते. त्या मुलींच्या आयांना ते आजार समजावून सांगू शकत होते. खात्रीचे औषध मात्र देऊ शकत नव्हते.

त्यांच्या घरीही दुःख आले. त्यांचा मुलगा लहान वयातच अपेंडिसायटिसने गेला. काम मात्र त्यांनी सोडले नाही. 1902 साली ते व्हिएन्नाच्या सेंट ॲना बालरुग्णालयात आले. तान्ह्या बाळांच्या संरक्षणासाठी त्यांनी संस्था उभारली आणि आयांनी बाळाला अंगावर पाजावे म्हणून प्रचार केला. 1911 साली, वयाच्या अवघ्या 53 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जंतूला त्यांचे नाव मिळाले ते त्यानंतर, 1919 साली.

ज्यांची नावे रिपोर्टवर नाहीत

ज्या बाळांच्या शीवरून आणि ज्या मुलींच्या लघवीवरून हे ज्ञान मिळाले, त्यांची नावे आमच्या पुस्तकांत नाहीत. लेखी संमती घेण्याचा आजच्यासारखा नियमही त्या काळी नव्हता. आज तो आहे, आणि एशेरिख यांच्या काळापासून झालेला हा मोठा बदल तुमच्या बाजूचा आहे.

एक उदाहरण देतो. मेथेनामाइन हे औषध मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी 1890 च्या दशकात, म्हणजे एशेरिख हयात असतानाच, वापरात आले. पुढे अँटिबायोटिक आली आणि ते मागे पडले. वारंवार होणारा संसर्ग टाळण्यासाठी ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचे आहे का, हे ब्रिटनमध्ये 240 महिलांच्या अभ्यासात तपासले गेले. निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात दर महिलेमागे सरासरी संसर्ग अँटिबायोटिक गटात 0.89 आणि मेथेनामाइन गटात 1.38 वेळा झाला. किती फरक चालेल हे ठरवताना रुग्णांचे मत घेतले होते, आणि हा फरक त्या मर्यादेच्या आत राहिला. वारंवार अँटिबायोटिक घेतल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे लक्षात घेतले तर या पर्यायाचे मोल कळते.

बल्गेरियात 140 महिलांवर झालेला दुसरा अभ्यास पाण्याविषयी होता. त्यात कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या महिला होत्या. त्यांपैकी निम्म्या महिलांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले. त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, तर उरलेल्यांना 3.2 वेळा. भरपूर पाणी प्या, हा आजीचा सल्ला आज आम्ही आकड्यांसह देऊ शकतो, तो त्या 140 जणींमुळे.

तुम्हाला विचारले तर

हो म्हणायलाच हवे असे नाही. नाही म्हटले तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. हो म्हटल्यावरही, कारण न देता, कधीही बाहेर पडता येते. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा. ते घरी नेऊन वाचा, घरच्यांशी आणि आपल्या डॉक्टरांशी बोला, मगच सही करा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

काही प्रश्न जरूर विचारा. मला कोणते औषध मिळेल हे कोण ठरवणार? चिठ्ठी टाकल्यासारखी निवड होणार का? औषधी गुण नसलेली गोळी मिळू शकते का? मध्येच जळजळ सुरू झाली तर कोणाला फोन करायचा आणि उपचार लगेच मिळणार का? तपासण्यांचा आणि येण्याजाण्याचा खर्च कोण करणार? इजा झाली तर उपचार आणि भरपाईची काय तरतूद आहे? अभ्यासाला नीतिविषयक समितीची मंजुरी आहे का, आणि भारतातील औषधचाचणी असेल तर तिची सीटीआरआय नोंदणी झाली आहे का? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नसतील, तर सही करू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अभ्यासात असा वा नसा, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणे, उलट्या किंवा लघवीतून रक्त अशी लक्षणे दिसली, किंवा गरोदरपणात जळजळ सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पूर्वीच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. मेथेनामाइनही स्वतःहून सुरू करू नका.

पुढच्या वेळी रिपोर्टवर ई. कोलाय वाचाल, तेव्हा एशेरिख यांच्याबरोबर त्या नाव नसलेल्या बाळांचीही आठवण ठेवा. त्यांना कोणी विचारले नव्हते. तुम्हाला विचारतील. उत्तर काय द्यायचे, ते तुमच्या हातात आहे.