दीपस्तंभाचा शिल्पकार

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्लिमथ नावाचे बंदर आहे. तेथून सुमारे २२ किलोमीटरांवर, भर समुद्रात, एडिस्टन नावाचे खडक आहेत. भरती आली की ते जवळजवळ बुडून जातात. अंधाऱ्या रात्री या खडकांवर आदळून किती जहाजे फुटली आणि किती खलाशी प्राणांस मुकले, याची गणतीच नाही. येथे पहिला दीपस्तंभ हेन्री विन्स्टन्ली याने उभारला. १६९८ साली त्यात दिवा लागला. परंतु १७०३ च्या महावादळात तो दीपस्तंभ आणि त्यात असलेला स्वतः विन्स्टन्ली या दोघांनाही समुद्राने गिळले. दुसरा दीपस्तंभ मुख्यत्वे लाकडाचा होता. जवळजवळ अर्धशतक तो लाटांशी झुंजला आणि १७५५ च्या डिसेंबरात आगीत भस्मसात झाला. खडकांवर पुन्हा अंधार पसरला. हा अंधार दूर करण्याचे काम ज्याच्याकडे आले, त्याचे नाव जॉन स्मीटन.

स्मीटनचा जन्म ८ जून १७२४ रोजी लीड्स शहराजवळील ऑस्थॉर्प या गावी झाला. त्याचे वडील वकील होते. मुलानेही वकील व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. पण मुलाचे मन रमे ते करवत, हातोडी आणि लेथ यांत. खेळण्यांऐवजी त्याला हत्यारे प्रिय होती. वडिलांच्या आग्रहास्तव तो कायदा शिकण्यासाठी लंडनला गेला खरा, परंतु तेथे त्याचा जीव रमेना. अखेर वडिलांनी संमती दिली आणि स्मीटन शास्त्रीय उपकरणे बनवू लागला. त्याची बुद्धी व हातोटी पाहून १७५३ साली रॉयल सोसायटीने त्याला आपले सदस्य करून घेतले. या संस्थेच्या अध्यक्षांनीच पुढे एडिस्टनच्या कामासाठी त्याची शिफारस केली. त्या वेळी तो अवघा एकतीस वर्षांचा होता आणि त्याने समुद्रात एकही इमारत बांधलेली नव्हती.

नवा दीपस्तंभ दगडाचाच बांधायचा, असा निश्चय स्मीटनने केला. ओकचा वृक्ष बुंध्याशी रुंद असतो व वर निमुळता होत जातो. म्हणून वादळातही तो उन्मळून पडत नाही. तोच आकार त्याने आपल्या मनोऱ्याला द्यायचे ठरविले. एका चिऱ्याचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसावे, अशा रीतीने त्याने चिरे घडविले. पण खरा प्रश्न पुढेच होता. हे चिरे सांधायचे कशाने?

साधा चुना कोरड्या जागी उत्तम काम देतो. पाण्यात मात्र तो आवळत नाही. उलट हळूहळू विरघळून जातो. समुद्राच्या पाण्यात तर नाना प्रकारचे क्षार असतात आणि ते सांध्यांतील चुना आतून पोखरतात. लाटांचा मार डोळ्यांना दिसतो, क्षारांचा हा मार दिसत नाही. चिरे कितीही भक्कम असले, तरी त्यांमधील चुना झिजला की मनोरा खिळखिळा व्हायचाच. मग दिव्याच्या भरवशावर येणाऱ्या खलाशांचे काय?

स्मीटनने ऐकीव गोष्टींवर विसंबून राहण्याचे नाकारले. कठीण चुनखडीचा चुना कठीण असतो, अशी गवंड्यांची जुनी समजूत होती. स्मीटनने निरनिराळ्या ठिकाणांहून चुनखडी आणविली. ती भाजून चुना केला, त्याचे सुमारे दोन इंच व्यासाचे गोळे वळले व ते पाण्यात ठेवले. काही गोळे फुटून गेले; काही मात्र पाण्यातच दिवसेंदिवस घट्ट होत गेले. चुनखडीच्या कठीणपणाशी याचा काहीच संबंध दिसेना. मग कारण कोणते? प्लिमथचा रसायनज्ञ विल्यम कुकवर्दी याने त्याला चुनखडीची परीक्षा करण्याची रीत दाखविली. स्मीटनने तिचे तुकडे अम्लात विरघळविले. शुद्ध चुनखडी पूर्ण विरघळली. पण पाण्यात घट्ट होणारा चुना देणाऱ्या चुनखडीचा चिकणमातीसारखा गाळ तळाशी उरला. कोडे उलगडले! ज्या मातीला लोक अशुद्धी समजत होते, तीच चुन्याचे बळ होती.

यापुढचे पाऊल म्हणजे पोझोलाना. इटलीतील ज्वालामुखींची ही राख चुन्यात मिसळण्याची कला प्राचीन रोमन लोकांना अवगत होती. राखेतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यात न विरघळणारा दगडासारखा पदार्थ तयार होतो. योगायोगाने प्लिमथच्या एका व्यापाऱ्याकडे ही राख पडून होती. लंडनच्या पुलासाठी त्याने ती मागविली होती, पण तेथे ती कोणी घेतली नाही. स्मीटनने ती घेतली आणि वॉचेट येथील चुना व पोझोलाना समभाग मिसळून आपले मिश्रण सिद्ध केले.

१२ जून १७५७ रोजी पहिला चिरा बसला. खडकावर काम करण्यास उन्हाळ्यातील मोजके दिवस मिळत आणि त्यांतही भरती आली की हात आवरावा लागे. तरीही चिऱ्यावर चिरा चढत गेला आणि १६ ऑक्टोबर १७५९ रोजी चोवीस मेणबत्त्यांचा प्रकाश एडिस्टनवरून समुद्रावर पसरला. वादळी रात्रीनंतर स्मीटन प्लिमथच्या हो नावाच्या टेकडीवरून दुर्बिणीने आपल्या मनोऱ्याकडे पाहत असे, असे सांगतात. मनोरा प्रत्येक वेळी जागच्या जागी उभा असे.

पुढे स्मीटनने कालवे, पूल व बंदरे बांधली. त्याला अपयशही आले. हेक्सम येथे त्याने बांधलेला पूल १७८२ च्या पुरात कोसळला. पण तो खचला नाही. स्वतःस स्थापत्य अभियंता म्हणविणारा तो पहिलाच. २८ ऑक्टोबर १७९२ रोजी ऑस्थॉर्प येथे त्याचे निधन झाले. पुढे १८२४ साली लीड्सच्याच जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले.

एडिस्टनचा दीपस्तंभ १२३ वर्षे उभा राहिला. १८८२ साली तो बदलावा लागला, तो मनोऱ्याच्या दोषामुळे नव्हे. त्याच्या खालचा खडकच लाटांनी पोखरला होता! लोकांनी मनोऱ्याचा वरचा भाग कृतज्ञतेने उतरविला आणि त्याच हो टेकडीवर पुन्हा उभारला. त्याचे बुड अजूनही समुद्रात उभे आहे.

आपल्याकडील गवंडीही भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळून पाण्यातील बांधकाम करीत. तिचे तत्त्व तेच. आज सागरी पुलांच्या काँक्रीटमध्ये काही सिमेंटऐवजी वीजकेंद्रांतील कोळशाची राख किंवा लोखंडाच्या भट्टीतील मळी वापरतात. त्यामुळे काँक्रीटमधील मोकळा चुना बांधला जातो, बारीक छिद्रे बुजतात आणि क्षारांना आत शिरण्यास वाव उरत नाही. टाकाऊ म्हणून बाजूला सारलेल्या राखेत बळ असू शकते; ते ओळखण्यासाठी मात्र स्मीटनसारखी डोळस चिकाटी हवी.